काचेच्या पायांचं स्टूल

घटस्फोट मुलाशी झाला, सासऱ्यांशी नाही,
हे मी पेट्रोलपंपावरच्या बाईला सांगून टाकलं.
तिनं विचारलंही नव्हतं. एवढंच म्हणाली होती,
"वडिलांना जपून उतरू द्या, पायरी तुटलीय."

आयनार टॉलेफसन, वय एक्याऐंशी,
गुडघ्याला पट्टा, मांडीवर माँटानाचा कागदी नकाशा.
फोनमधल्या बाईवर त्यांचा राग:
"तिनं हा डोंगर पाहिलाय तरी का?"

पहिली रात्र मालगाडीच्या शेवटच्या डब्यात.
लाल, बिनरुळाचा, पाइनच्या झाडीत आणून टेकवलेला,
गार्डाच्या बाकावर आता फुलाफुलांच्या उश्या.
अडीच वाजता खालून खरी गाडी गेली
आणि आमचा डबा जरासा हलला, मला वाटलं,
दावणीची म्हातारी गाय
लांबच्या कळपाचं हंबरणं ऐकून कान टवकारते तसा.

दुसरी रात्र मेंढपाळाच्या गाडीत:
कमानदार कापडी छत, आडवा पलंग, दाराशी चूल.
मालकीण माइते, आजोबा बास्क मुलखातून आलेले.
"ते यात आठ महिने एकटे राहायचे.
तुम्ही दोघं एका रात्रीत भांडाल."
भांडलो. खिडकी उघडी की बंद, यावरून.
सकाळी तिनं पाव दिला, मेंढीचं चीज दिलं,
आणि सरपणाचे चार डॉलर बिलात वेगळे लावले.

मधला दिवस पायांचा.
तळ्यापर्यंत सहा मैल, मी एकटीच गेले.
ते वाटेच्या तोंडाशी घडीच्या खुर्चीत,
येणाऱ्याजाणाऱ्याला बजावत, बोलत चाला, अस्वलं आहेत.
परतले तेव्हा रेंजर पोरगी
त्यांच्याकडून ढग ओळखायला शिकत होती.
तळं? हिरवं. खोटं वाटावं इतकं.
हिमनदी मात्र पाटीवरल्या फोटोपेक्षा पार मागे सरलेली,
कपाळावरून केस सरतात तशी.
मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही.

तिसरी रात्र. हिच्यासाठीच निघालो होतो.
ग्रे-काफ शिखर, उंच खांबांवर काचेची खोली.
वणवा राखत त्यांनी इथं अकरा उन्हाळे काढले,
सरकारनं त्याचा पगार दिला.
आता त्याच खाटेचं एका रात्रीचं भाडं
त्यांनी सरकारला दिलं, पंचाहत्तर डॉलर,
पावती घडी घालून टोपीत खोचली.
"फिटलं."

चौसष्ट पायऱ्या.
मी मागे, हात त्यांच्या पाठीपासून वीतभर लांब.
दोनदा थांबले,
दोन्ही वेळा देखावा बघायचाय म्हणून.

वर मधोमध धुराची दिशा मोजायचं पितळी चाक
आणि कोपऱ्यात ते स्टूल,
चारही पायांना काचेच्या वाट्या बसवलेलं.
"वीज कोसळायला लागली की यावर चढायचं,
पाय जमिनीला लावायचे नाहीत.
एकदा पाच तास बसलो. शेगडीच्या कडेवर
निळा उजेड नाचत होता.
त्याच संध्याकाळी खाली गावात पोरगा झाला.
वायरलेसवर कळवलं त्यांनी.
उतरताच येईना."

मी सूप ढवळत राहिले.
त्या पोराला मी नऊ वर्षं ओळखते.
घरात जरा गडगडलं की तोही
उंच कुठंतरी जाऊन बसायचा,
पाय जमिनीला न लावता.
मला वाटायचं, हे त्याचं त्यानंच शोधलंय.

पहाटे पाचला जाग आली तर ते चाकाशी उभे,
भिंतीवरच्या रिकाम्या हुकाकडे तोंड करून:
"ग्रे-काफ बोलतोय. हवा स्वच्छ. धूर नाही."
थोडं थांबले. मग माझ्याकडे न बघता,
"यावर उत्तर यायचं असतं."

"कळलं, ग्रे-काफ," मी गोधडीतून म्हणाले.

मान हलवली. ते स्टूल ओढून घेतलं
आणि त्यावर बसून मोजे चढवले,
खाटेवरून त्यांना वाकता येत नाही म्हणून.
एक मोजा उलटा.