रकाना क्रमांक सात

माझं आडनाव गायधनी
आणि माझ्याकडे खातं कुत्र्यांचं.
बदलून आलेला प्रत्येक साहेब
पहिल्याच आठवड्यात हा विनोद करतो,
बेलापूरच्या आमच्या कार्यालयात
मी दर वेळी हसतो.

परवान्याच्या अर्जात रकाना क्रमांक सात:
श्वान पाळण्याचे कारण.
जागा बोटभर.
तेवढ्यात मावतं म्हणून बहुतेक जण 'राखण' लिहितात,
बाराव्या मजल्यावरचे,
खाली तीन-तीन वॉचमन असलेलेसुद्धा.
मी शिक्का मारतो.

काही जण मात्र पेन उचलतात
आणि तसेच थांबतात.

कोपरखैरण्याचे हणमंतराव यादव,
पस्तीस वर्षं मार्केटात कांद्याची गोणी पाठीवर.
म्हणाले, तुम्हीच लिहा साहेब.
काय लिहू?
लिहा, जन्मभर मी वजन ओढलं,
आता पहाटे साडेपाचला कुणीतरी मला ओढतंय.
बरं वाटतं.
बोटभर जागेत मी 'व्यायाम' लिहिलं.
त्यांनी वाचून मान हलवली,
गोणीत माल कमी भरल्यावर हलवावी तशी.

दिवाळे गावच्या नखूबाय कोळी तर रागावल्याच.
"मी कनाला पालीन? त्योच होरीन येऊन बसला.
त्यालाच इचार, मना का ठेवलंय."
मी खरंच टेबलाखाली वाकलो.
त्यानं जांभई दिली.
सुकटीचा वास आला.

ऐरोलीचा एक मुलगा, सतरा-अठराचा.
'क'वर त्याचा अख्खा चेहरा अडकला,
मागची रांग चुळबुळली,
माझ्याही जिभेवर त्याचा पुढचा शब्द तयार होता.
मग त्यानं कागद ओढून घेतला आणि लिहिलं:
हा माझं वाक्य पूर्ण करत नाही.

महाप्याच्या कारखान्यात नवरा कायम रात्रपाळीला,
अशा एक बाई:
एकटीनं बोललं तर शेजारी म्हणतात वेड लागलं,
कुत्र्याशी बोललं तर म्हणतात हौस आहे.
'हौस' लिहून गेल्या.

आणि घणसोलीचे ते दोघं,
मालकाचं नाव बदलायला आलेले.
तिचं खोडून त्याचं.
सोबत कोर्टाच्या कागदाची झेरॉक्स.
कुत्री दोन खुर्च्यांच्या मधल्या फरशीवर,
मोजून मधोमध.
जुन्या अर्जात कारण होतं: मूल होईपर्यंत.
नव्यात त्यानं जागा कोरी ठेवली.
कोरा रकाना चालत नाही.
मी चालवून घेतला.

एप्रिलपासून सगळं ऑनलाइन.
सातव्या रकान्यात आता तीनच पर्याय:
राखण, सोबत, इतर.
'इतर' निवडलं की पान गोल गोल फिरत राहतं.
लोक कंटाळून मागे येतात
आणि 'राखण'वर बोट ठेवतात.

माझाही एक आहे.
गावठी, डाव्या कानाला चीर, नाव फुटाणा.
नेरूळच्या दोन खोल्यांत
मी आणि सुलक्षणा
एकमेकांशी सरळ बोलायचे कधी थांबलो,
ती तारीख कुठल्याच अर्जात नाही.
"फुटाण्या, विचार त्यांना, भात लावू की पोळ्या?"
"फुटाण्या, सांग तिला, काहीही चालेल."
तो एकदा तिच्याकडे बघतो, एकदा माझ्याकडे,
आणि शेपटी हलवून
दोन्ही बाजूंचं मान्य करतो.

परवा त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं, एक रात्र.
कुकरच्या शिट्ट्या दोघांनीही मोजल्या.
जेवताना ती म्हणाली,
"मीठ बरोबर आहे ना?"
मी वळून दाराकडे पाहिलं,
कुणाला विचारलं म्हणून.

अकरा वर्षं त्याच्या अर्जावर
अर्जदार मीच, शिक्का माझाच.
रकाना क्रमांक सात: राखण.
खोटं लिहिलेलं नाही.
कशाची,
ते तिथे विचारलेलं नाही.