चौसष्ट नंबर

फोन धनपाल चौगुल्यांचा, सकाळी सात चाळीसला:
"मुजावर, कॅमेरा परत गेलाय.
दिसतोय, जातोय, दिसतोय, जातोय.
पलीकडचा वायर तोडालाय, दुसरं काय."
पलीकडचा म्हणजे श्रेणिक, त्यांचा धाकटा.
मधे नऊ इंची भिंत, गिलावा अजून व्हायचाय.

मार्केट यार्डात पोचलो, शिडी लावली.
माझा नियम असा: आधी वीज, मग वायर, मग पत्ता,
माणसांवर संशय सगळ्यात शेवटी.
वीज होती. स्विचवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता.
कॅमेऱ्यामागची डबी उघडली तर
मुंग्या.
आठही तारांच्या टोकांवर, तांब्यावर, रबरावर.
गुळाच्या अडतीत जन्म गेला,
आता नेटवर्क चाखून बघत होत्या.

ब्रश फिरवला, जुनं टोक कापलं,
पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा…
हे मी झोपेतही पुटपुटतो,
बायको विचारते, ही कुठली दुआ.
नवं टोक दाबलं. चित्र आलं:
रव्यांची थप्पी, वजनकाटा,
यल्लाप्पा हमाल तंबाखू मळताना.
"आलं की," धनपाल म्हणाले.
आणि गेलं.

पोत्यावर बसलो, लॅपटॉप मांडीवर. पिंग मारली.
चार हाका, दोन ओ.
परत चार. एकच ओ.
मग कॅमेऱ्याची वायरच काढून हातात धरली
आणि हाक मारली:
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, चौसष्ट.

ओ आली.
वायर माझ्या हातात, आणि ओ आली
भिंतीपलीकडून.

श्रेणिकनं पाडव्याला नवा कॅमेरा बसवलेला,
कंपनीतून आला तसाच, पत्ता न बदलता.
भिंत घातली, दारं दोन केली, पाट्या दोन केल्या,
राऊटर तेवढा वाटायचा राहिला.
बिल अजून वडिलांच्या नावानं येतं, पायगोंडा चौगुले,
आणि एका महिन्याला हा भरतो, एका महिन्याला तो,
न बोलता.

वायर कोणीच तोडत नव्हतं.
एका पत्त्यावर दोघं उभे होते,
हाक आली की दोघंही ओ द्यायचे
आणि चित्र कुणाचंच टिकायचं नाही.

"एकाचा नंबर बदलायचा," मी सांगितलं, "पासष्ट करतो."
"मी थोरला. माझा का म्हणून?"
पलीकडे गेलो.
"तेंचा बदला. माझा नवा हाय, पावती दाखवू?"
इकडे चहा, तिकडे चहा, परत इकडे.
तिसऱ्या खेपेला यल्लाप्पा चुना पुसत म्हणाला,
"म्हाताऱ्याच्या टायमाला रुमालाखाली हात घालून
बोटांवर भाव व्हायचा.
वरनं कॅमेरा असता तरी काय दिसलं असतं?"
कुणाला उद्देशून म्हणाला, कळलं नाही.

इकडे सहासष्ट टाकला. तिकडे सदुसष्ट.
दोघांनाही सांगितलं, समोरच्यानं बदलला.
खोटं बोललो.
दोन्ही चित्रं आली, स्वच्छ, न हलता.
घड्याळं मात्र सात मिनिटांनी वेगळी निघाली,
त्याचं कुणी काही बोललं नाही, मग मीही नाही.

चौसष्ट मोकळा राहिला.
लॅपटॉप मिटायच्या आधी उगाच एकदा हाक मारली.
चार हाका.
थांबलो. परत चार.

बिल निम्मं निम्मं. वर दोघांनीही
गुळाचा एकेक खडा दिला, पेपरात गुंडाळून.
हत्यारांच्या पिशवीत शेजारी शेजारी टाकले.
दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला थांबलो तेव्हा
गाडीच्या हँडलवर एक मुंगी होती.
मग तिच्या मागनं दुसरी.