निळं लाकूड

डेल आर्चुलेटा झाडाशी बोलत नाही.
बोटांच्या पेरांनी साल वाजवतो,
परक्याचं दार वाजवावं तशी, हळू,
आणि आतून पोकळ उत्तर आलं
की कमरेच्या उंचीवर नारंगी पट्टा मारतो.

लॉजपोल पाइन. वय शंभराच्या पुढे.
बुंध्यावर राळेच्या लाह्या फुटलेल्या:
आत शिरणाऱ्याला बाहेर ढकलायची
झाडाची धडपड, होती तिथेच थिजलेली.
शिरणारा केवढा, तर आंबेमोहोराच्या दाण्याएवढा
काळा भुंगेरा.

पूर्वी हिवाळाच त्यांचं बघून घ्यायचा.
उणे चाळीस, आठवडाभर,
सालीखाली अळ्या जागच्या जागी खलास.
आता थंडी पाहुण्यासारखी येते,
चहा घेते, निघते.
आणि डोंगर आधी तांबडा होतो, मग करडा,
पण उभाच राहतो. तीच तर पंचाईत.

वर्लीन होकन्सनच्या घराभोवती एकोणतीस पट्टे.
गाव म्हणजे साठ घरं, एक पेट्रोल पंप
आणि बाहेर पडायला एकच रस्ता.
"अठ्ठावीस ने," ती म्हणाली. "ते एक नाही."
ते एक घराला सगळ्यात जवळचं.
ऑरिनने लग्नाच्या वर्षी त्यात आकडा ठोकला होता
कपड्यांच्या दोरीसाठी.
झाडाने तो हळूहळू गिळला,
आता फक्त वाकडं टोक दिसतं.

डेलने वाद घातला नाही.
शिडी लावून पन्हळीतल्या तांबड्या सुया काढल्या,
कॉफीला आत आला
आणि मूठभर तिच्या चुलीत टाकल्या.
फोडणीत मोहरी पडावी तसा आवाज.
तेवढाच. कॉफी निवायच्या आत
चुलीत काही उरलं नव्हतं.

ती बराच वेळ चुलीकडे बघत बसली.
मग म्हणाली, "आकड्याला करवत लागली तर
साखळी तुटेल तुझी."
"तुटेल."
"मग त्याच्या वरून काप."

नियमात बसत नाही एवढं उंच खोड.
डेलने कापलं तसंच, आणि साल सोलून काढली.
आत भुंगेऱ्यांची लिपी,
मोडीसारखी, हात न उचलता लिहिलेली,
वरून खाली एक रेघ, तिला दोन्हीकडे फाटे,
वाचणारं कोणी नाही.
आणि कापल्या तोंडावर, कडेने,
बुरशीने चढवलेला निळा रंग,
पावसात भिजलेल्या पाटीसारखा.

डिसेंबरात फूटभर बर्फ साचल्यावर
फांद्यांचे ढीग पेटवले.
दोन दिवस गावाच्या कोटांना धुराचा वास.
"उगाच खर्च," पलीकडचा टेबर कुरकुरला,
"वारा सुटला की काय मोकळं रान, काय दाट."
डेल त्यालाही नाही म्हणाला नाही.
आग येणारच नाही, असं तो कधीच सांगत नाही.
म्हणतो, इथवर पोचेपर्यंत तिला धाप लागली पाहिजे,
म्हणजे शेंड्यांवरून उतरून
ती जमिनीवरून चालायला लागेल,
आणि चालणाऱ्या आगीशी
माणसाला फावडं घेऊन बोलता येतं.

मे महिना. दोरी पुन्हा आकड्याला.
दुसरं टोक पोर्चच्या खांबाला,
मध्ये दोन उशांचे अभ्रे आणि एक मोजा.
झाडं होती तिथे जमीन ओकीबोकी,
विस्कटलेली, खरं सांगायचं तर कुरूप.
ढिगाच्या कडेला मात्र
उष्णतेने उघडलेली काही शंकूफळं,
त्यांतलं बी कुठे गेलं
ते वर्लीनने वाकून शोधलं नाही. गुडघे दुखतात.

निळी फळी तिने खिडकीच्या कठड्यावर बसवलीय.
तिथे कोपर टेकून बसलं
की आता कडा दिसतो, कड्याखालचा रस्ता दिसतो,
आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला कळलं
की टेबर रात्री दोनपर्यंत
दिवा चालू ठेवून जागा असतो.