तिसरा खिळा

लोटलीकरांच्या पेढीवर मी लागलो, मडगावात, एकोणऐंशी साली,
तेव्हा डॉलरला एकच खिळा पुरत होता.
आठ.
पत्र्याचा आकडा, पिवळा रंग,
सकाळी फडक्याने पुसायचा आणि परत तोच टांगायचा.
डावा खिळा रिकामाच. त्यावर शेट
आपली टोपी अडकवायचे.

टोपी उतरली त्र्याऐंशीत.
"वासू, एक घेऊन ये रे,"
पाहुणा आल्यावर पाट मागावा तसे म्हणाले.

वडील पणजीला पोर्तुगीज बँकेत शिपाई.
सहा एस्कुदोंचा एक रुपया होताना त्यांनी पाहिला,
मोठमोठे भाटकार रांगेत, पिशव्या छातीशी.
सांगायचे: नोट तीच, शाई तीच,
फक्त तिच्यावरचा माणूस रातोरात परका झाला.

मी असलं मोठं काही पाहिलं नाही.
मी आकडे बदलले.

बाणावलीचा इनास कुलासो, तारवटी,
नऊ महिने बोटीवर, तीन महिने घरी.
रुपया खाली आला की त्याचं घर वर जायचं.
बारावर बालकांव,
अठरावर कौलं काढून स्लॅब.
एक्क्याण्णवच्या जुलैत
सोमवारी एकदा शिडीवर चढलो, बुधवारी पुन्हा,
खाली इनास, कालच उतरलेला, नखांत ग्रीस:
"पात्रांव, बदलू, की आणखी दोन दिवस थांबू?"
हसू आवरत नव्हतं त्याला,
आणि हसू येतंय म्हणून मान खाली.

फळ्यावर दोन रांगा असतात,
आम्ही घेणार, आम्ही देणार.
मधल्या फटीत पेढी.
त्या फटीतूनच आलं माझं सगळं,
तांदूळ, मुलीचं बारसं, सासऱ्यांचा मोतीबिंदू.

दिनार सगळ्यांत वर असायचा, साठाच्या घरात.
नव्वदच्या ऑगस्टात शेट म्हणाले, काढ.
मी विचारलं, शून्य लावू?
"शून्य हासुद्धा भाव असतो. काही लावू नकोस."

रायची पियेदाद बार्रेत तेव्हा रोज यायची.
मुलगा अम्मानमार्गे परतला होता,
चपलेच्या तळात शिवून नोटा.
ती बाकावर बसायची, पुडकं मांडीवर,
आणि रिकाम्या खिळ्यांकडे बघायची,
जणू तिथे बारीक अक्षरात काही लिहिलंय
आणि चष्मा घरी राहिलाय.
मी चहा द्यायचो. साखर जास्त घालून.
पुढच्या वर्षी दिनार परत आला, नव्या नोटा, नवे रंग.
तिच्या जुन्या कुठे खपल्या का,
सांगायला ती आली नाही.
मीही विचारायला गेलो नाही.
राय म्हणजे बसने वीस मिनिटं.

पाउंडाला तिसरा खिळा मी स्वतः ठोकला.
सुतार म्हणाला, हातासरशी डॉलरलाही ठोकून घ्या.
मी म्हटलं, राहू दे.
का म्हटलं, ठाऊक नाही. चार आण्यांचा खिळा.

आता तिथे लाल दिव्यांचा फळा आहे,
आकडे आपोआप पालटतात, शिडी लागत नाही.
निघताना तो पिवळा आठ मी खिशात घातला.
डॉलर ऐंशीला गेला तेव्हा
तोच पुन्हा कामाला आला असता, डाव्या खिळ्यावर.

आजोबांच्या जन्मदाखल्यावर मुलगी
लिस्बनची झाली, आणि तिथून स्विंडनला,
एका गोदामात खोके मोजते, रात्रपाळी.
फोन करते पहाटे, तिच्या जेवणाच्या सुट्टीत:
"पप्पा, आज पाठवू, की थांबू?"

बायको पोदेराकडून पाव घेत असते.
मी मोबाइलवर भाव बघतो,
रुपया कालच्यापेक्षा खाली,
आणि तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हलतं,
इनाससारखं.

"पप्पा? ऐकू येतंय ना?"