आठवडा क्रमांक एकतीस

रोल्याच्या पेट्रोल पंपावर भरलेल्या कुपनातून
आमचं नाव निघालं. एअर फ्रायर, फुकट.
अट एकच, नवराबायको दोघांनी यायचं,
अजमानच्या समुद्राकाठी एका हॉटेलात नव्वद मिनिटं बसायचं.
मुनाफने इस्त्रीचा शर्ट घातला.
मी पर्समध्ये दुकानातला कॅल्क्युलेटर टाकला,
ज्याचा सात दोनदा दाबावा लागतो.

पोरगा मिसरी होता, वाएल, टायची गाठ सैल.
"मॅडम, भाडं भरता म्हणजे दुसऱ्याचं घर भरता.
सुट्टीसुद्धा भाड्याचीच का?"
त्याच्यामागे भिंतभर निळं पाणी, दोन आरामखुर्च्या,
खुर्च्यांत कुणीच नाही.
बेचाळीस हजार दिरहम.
पंचवीस वर्षं, दर वर्षी एक आठवडा.
आमच्या ऐपतीतला, क्रमांक एकतीस,
म्हणजे जुलै सरता सरता,
जेव्हा इथला समुद्रही पाय भाजतो.

मी हिशेब मांडला. चौदा वर्षं
स्पेअर पार्टच्या दुकानात दुसरं काय केलं?
बेचाळीस हजार भागिले पंचवीस, सोळाशे ऐंशी.
वर देखभालीचे चौदाशे, ते दर वर्षी वाढणार,
किती ते बारीक अक्षरात,
आणि बारीक अक्षर अरबीत.
सात रात्री. रात्रीला चारशे चाळीस.
टेबलाखाली मोबाइलवर पाहिलं,
हेच हॉटेल, तोच आठवडा, दोनशे साठ.
नाश्त्यासकट.
आवळा देऊन कोहळा.
आमच्या हर्णैच्या मासळीच्या लिलावात
याला कुणी उभं केलं नसतं.

"विकायचा झाला तर?"
"विकायचा कशाला? मुलांना द्या."
"आमचा व्हिसा दोन वर्षांचा."
"तो तर रिन्यू होतो, मॅडम."
होतो.
दर वेळी रक्त काढताना मी छताकडे बघते,
छातीचा फोटो निघताना श्वास धरते
आणि पुढची दोन वर्षं तो थोडा थोडा सोडते.

एवढ्यात मुनाफ, जो तासभर
पाण्याची बाटली चेपत बसला होता, म्हणाला,
"कागदावर नाव कुणाचं?"
"तुमचंच, सर. मालक म्हणून."

मालक.
गाडी बँकेची. खोली अरबाची.
हमरिया बंदरावर अठरा वर्षं क्रेन चालवली या माणसाने,
लोकांचे कंटेनर आभाळात उचलले
आणि लोकांच्याच जहाजांवर ठेवले.
त्या एका शब्दावर त्याची पाठ ताठ झाली,
निकाहच्या फोटोत आहे तशी.
ती पाठ कशाने भागायची,
मला कळेना.

खोटं कशाला बोलू, मीही मनात
भिशीचे बारा हजार मांडले,
एक बांगडी मांडली,
उरलेल्यासाठी भावाचं नाव घेतलं, पुसलं.

मग मुनाफनेच विचारलं,
"तुझा कुठला आठवडा, भाई?"
वाएलने टायची गाठ चाचपली.
"मला रजा नाही पडत, सर. पुढच्या वर्षी, बहुतेक."
"एकतिसावा मलाही नाही मिळत," मुनाफ म्हणाला.
"जुलैत बंदरावर माणसं कमी."
दोघं हसले, नको तितका वेळ,
शेजारच्या टेबलावरची बाई वळून बघेपर्यंत.

खोका अपेक्षेपेक्षा हलका निघाला.
तो मध्ये ठेवून आम्ही वाळूवर बसलो,
मुनाफने बूट काढले, मोजे बुटात कोंबले.
दोन चहा, तीन दिरहम.
घरी कळलं, प्लग दोन दांड्यांचा.
"अडॉप्टर आणतो," म्हणाला. अजून आणायचाय.

शर्ट धुवायला घेतला तेव्हा खिशात
त्यांचं रंगीत पत्रक सापडलं, चार घड्यांचं.
एकतीसभोवती पेनाने गोल,
पेन वाएलचं नव्हतं, निळं होतं, आमचं.
फाडलं नाही.
व्हिशांच्या फाइलीत ठेवलंय,
मुदत संपलेल्या कागदांच्या मागे.