डावखुरा

तसबीर लागली आज त्यांची
विधिमंडळाच्या जिन्यावर, सोनेरी चौकटीत.
चित्रकार बॉस्टनचा. आगाऊ पैसे मोजून घेतले त्यानं
आणि टाक दिला साहेबांच्या उजव्या हातात.
कुणालाच खटकलं नाही.

अकरा वर्षं मी त्यांच्या कागदांच्या नकला केल्या.
डाव्या हातानं लिहायचे झीनस ट्रॅस्क;
ओल्या शाईवरून करंगळीची कड फिरायची,
आरोपपत्र असो की बायकोला चिठ्ठी,
ओळींवर एक पुसट निळा ढग.
त्या ढगावरून मी ओळखायचे
घाईत लिहिलंय की रात्र जागून.

बाप पिंपं बनवायचा, केनेबेक नदीच्या काठी.
शाळेत मास्तरनं डावा हात बाकाला बांधला,
पोरानं उजव्यानं गिरवलं दोन हिवाळे.
तिसऱ्या हिवाळ्यात मास्तरच गेला, छातीत कफ होऊन.
"न्याय म्हणाल तर लहानपणी एवढाच पाहिला,"
असं साहेब हसून सांगायचे.
पाहुणे हसावं की नाही या विचारात.

कायदा शिकले बर्फाच्या वखारीत,
भुशात पुरलेल्या लाद्यांवर घोंगडं टाकून,
उसन्या पुस्तकांतून.
मग वकिली: कुंपणं, गायी, बुडालेल्या गलबतांचे विमे.
मग निवडणूक, मग राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल.
बायको म्हणाली, आता तरी नवा कोट शिवा.
शिवला. आठवड्यात खिशाला शाई.

रेल्वे कंपनीनं फुकट प्रवासाचा पास पाठवला
तेव्हा त्याच्या पाठीवर कंपनीची करथकबाकी मांडून
पास परत पाठवला, सेंटांसकट.
हे आज सगळ्या भाषणांत आलं.
डावं-उजवं केलं नाही कधी, असंही आलं.

केलं. एकदा.
ओनेझिम सीर, लाकूडतोड्या, उत्तरेकडचा,
इंग्रजीत फक्त आकडे यायचे त्याला.
खुनाचा खटला. दुभाष्या म्हणून आणला गिरणीतला मुकादम,
ज्याचं फ्रेंच शिव्यांपुरतं.
साहेबांना ठाऊक होतं. मलाही.
दीड तास बोलले ते; ज्यूरीतला एक सुतार रडला.

मग दयेचा अर्ज आला.
त्यावरचं त्यांचं मत नकलेसाठी माझ्या टेबलावर:
दोन ओळी, दया नको.
कागद स्वच्छ. ढग कुठेच नाही.
अक्षर मात्र वेडंवाकडं, पाटीवरच्या पोरासारखं,
एकेक अक्षर दाबून काढलेलं.
मी विचारलं नाही. नक्कल केली, माझ्या सुबक अक्षरात.
नदीचा बर्फ फुटला त्या आठवड्यात फाशी झाली.

पद गेल्यावर दर हिवाळ्यात यायचे इथे,
समितीपुढे उभे राहायचे, फी न घेता:
फासाचा खांब काढा.
का, असं कुणी विचारलं तर म्हणायचे,
"दुभाषे चांगले मिळत नाहीत."
सहा वर्षं लोकांनी जांभया दिल्या.
सातव्या वर्षी कायदा झाला, तेव्हा ते घरी
मोहरीच्या पाण्यात पाय सोडून बसले होते.
बातमी मीच नेली.
"दार लावून घ्या," म्हणाले, "वारा येतोय."

आता सगळे खाली गेलेत, केक कापताहेत.
मी वरच्या पायरीवर, तसबिरीसमोर.
चित्रकाराची चूक, असं सकाळपासून मनात होतं.
पण बैठकी तर जिवंतपणीच झाल्या, सलग नऊ दिवस,
खुर्चीत साहेब स्वतः बसलेले,
आणि टाक कुठल्या हातात धरायचा
हे चित्रकार त्यांना कशाला सांगेल?

दिवा इथे मिणमिणता आहे.
कठडा धरून उतरते.