सातपासून पुढे

बॉयलर दुरुस्तीची आमची कंपनी, इवालोत, विमानतळाच्या रस्त्याला.
बाहेर उणे एकतीस.
आत मी, फोनचा जुना सर्व्हर,
आणि कोट न काढता बसलेल्या दोम्ना फोफोनॉफ बाई.

यंत्रानं चार भाषांत बोलायचं ठरलं होतं.
फिनिश तार्यानं बिलं लावता लावता एका दमात उरकली.
उत्तर सामी ऐलूनं; मागे त्याचा कुत्रा भुंकतो, तो तसाच राहू दिला.
इनारी सामीला शाळेचे मास्तर आले, तीनदा घसा खाकरून.
उरली स्कोल्ट.
बोलणारी जेमतेम तीनशे माणसं,
त्यातली आमची गिऱ्हाइकं अकरा,
आणि रात्रपाळीचा मेकॅनिक एव्वन, तिकडे वर सेवेत्तियार्वीत, बाईंचा भाचा.
मालक म्हणाले, अकरा तर अकरा.

पहिल्या ओळी सुरळीत गेल्या.
कार्यालय बंद आहे. टोन वाजला की निरोप ठेवा.
घरात तान्हं मूल असेल तर आधी ते सांगा.
बाई माइकशी बोलतच नव्हत्या,
माइकच्या जरा डावीकडे कुणी उभं असावं
तशा तिकडे बघून बोलत होत्या.

मग आकडे आले.
यंत्र वाक्य बोलत नाही, ठिगळं जोडतं:
‘आपल्यासाठी’ एक तुकडा, ‘चार’ दुसरा, ‘निरोप’ तिसरा.
निरोपाला खण दोनच. एकवचन, अनेकवचन.

बाई थांबल्या. “हा कितीपर्यंतचा निरोप?”
“म्हणजे?”
“दोनपासून सहापर्यंत त्याचं एक रूप.
सातपासून पुढे वेगळं.”
“सगळे वेगळं बोलतात?”
“हल्लीची पोरं नाही बोलत. एव्वनही नाही.
त्याची आई बोलायची.”

मी मॅन्युअल उघडलं. पाचशे बारा पानं,
तिसऱ्या खणाचा पत्ता नाही.
मदतकेंद्राला लिहिलं. उत्तर आलं, नम्र:
आजवर कुणाची तक्रार नाही.

तेव्हा मी चोरवाट काढली.
“स्कोल्ट मेलबॉक्सची मर्यादा सहा करतो.
सातवा निरोप येणारच नाही, तुमचं व्याकरण शाबूत.”

बाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.
“आणि सातव्या घरातली माणसं?
गारठू देत, शुद्ध भाषेत?”

मग त्यांनी कोट काढला.

सात ते चाळीस, प्रत्येक वाक्य अख्खं,
बिनजोडाचं.
मी एकेक फाइल कापली, नाव दिलं, आकड्याला बांधली.
कॉफीवर साय धरली.
तेविसाव्याला बाई मध्येच हसल्या,
“इतके बॉयलर तरी आहेत का आमच्याकडे!”
ते हसू यंत्रातून काढलं,
टाकून मात्र दिलं नाही.
पहाटे, एवढे निरोप मागे ठेवून,
बाई कुणाचाच निरोप न घेता गेल्या.
पहिल्या बसनं.

फेब्रुवारीत एका रात्री वीज गेली तिकडे.
नोंदवहीत दिसतं: दोन वाजून चौदा मिनिटं,
फाइल सात, वाजली.
दोन चौदा, पुन्हा वाजली.
घाईच्या रात्री माणूस आकडा दोनदा ऐकत नाही.
दोन पंधरापासून मात्र सगळं चोख,
एकेक निरोप, एकेक घर, तान्हं मूल आधी.

मार्चात एव्वन सुटे भाग न्यायला आला.
त्या रात्रीबद्दल बोलला नाही, मीही विचारलं नाही.
काउंटरवर वॉशर मोजत होता, आपल्याशीच,
दोन, तीन, प्रत्येक आकड्यामागे वॉशरचं नाव घेत.
मला ती भाषा येत नाही.
पण चौतीस फाइलींची टोकं मी कापली आहेत,
कुठे श्वास संपतो ते कानाला पाठ आहे.
सहानंतर तो अडखळला,
बोटाखालचा वॉशर तसाच धरून,
डावीकडे बघितलं त्यानं, जरासं,
आणि शब्दाचं टोक वळवलं.

वॉशर नऊ भरले.
पावती मी फिनिशमध्येच केली.